चिंचोक्याएवढी येसू

एक होतं गाव. राजा नव्हता तिथं, राणी नव्हती, हत्ती तर औषधालाही नव्हता. पण डोंगराच्या पोटातून मनगटाएवढा जाड झरा यायचा आणि त्यावर सगळं गाव जगायचं. त्या गावात राहायची गोदा, टोपल्या-सुपं विणणारी. तिची एक लेक, येसू. हात असे चलाख, की बघता बघता सूप तयार.

आता या येसूचं काय होतं, बरं का. परक्या माणसानं तिच्याकडे बघितलं की ती लहान व्हायची. लाजून मान खाली घालायची, असं नाही म्हणत मी. खरोखरची लहान व्हायची. दोन डोळे पडले की चार बोटं कमी. आणखी दोन पडले, आणखी चार बोटं.

एकदा गोदेनं तिला बाजारात टोपल्यांपाशी बसवलं. आला बायकांचा घोळका. एक म्हणते, "काय गं, कुणाची तू?" दुसरी म्हणते, "अगं बोल की, जीभ मांजरानं नेली का?" मग काय, येसू आटत आटत बोटाएवढी झाली आणि एका टोपलीत पडली. नेमकी तीच टोपली एकीनं उचलून घरी नेली. आत कांदे ओतायला गेली, तर आतून कुणीतरी मुसमुसतंय. वाकून बघते, तर बोटभर मुलगी. बाईची दातखीळच बसली. दोघी शेजारणींनी मिळून ती उघडली.

गोदेनं लेकीला पान-सुपारीच्या चंचीत घालून घरी आणलं. एकटी राहिली की येसू हळूहळू पुन्हा वाढायची, सकाळपर्यंत पुरती व्हायची. पण लोक काय म्हणायचे? पोर शेफारलीय. पोर माणूसघाणी आहे. ज्याला कधी भीती वाटली नाही ना, तो दुसऱ्याच्या भीतीला माजच म्हणतो.

गोदा मात्र म्हणाली, "येसू, माणूस समोर आला की तू स्वतःलाच बघत बसतेस. मी कशी दिसते, मी काय बोलू. ते सोड. त्याच्या हातांकडे बघ. हात काय करतायत ते विचार."

"आणि तो खेकसला तर?"

"तर चंची आहे."

मग येसूनं सुरुवात केली. पहिल्यांदा गेली शेजारच्या म्हाळसाआजीकडे. आजी तांदूळ निवडत होती. येसू म्हणाली, "आजी, तांदूळ निवडताय?"

"नाही, मोती निवडतेय. डोळे आहेत का भोकं?"

येसू आटली. पण आजीनं लगेच सूप पुढे सरकवलं. "बस. मला खडे दिसत नाहीत हल्ली." खडे वेचता वेचता येसू चार बोटं वाढली, आजीसमोर बसूनच वाढली. तिचा स्वतःवरच विश्वास बसेना.

दुसऱ्यांदा गेली लोहारणीकडे. ती भाता ओढत होती. येसूनं विचारलं, "हात भरून येत नाहीत का हो, काकी?" अगं बाई, हे तिला वीस वर्षांत कुणी विचारलंच नव्हतं. लोहारीण दिवस मावळेपर्यंत बोलत राहिली. येसू नुसतं हूं हूं करत होती, आणि उठली तेव्हा पुरती होती.

तिसऱ्यांदा गेली पाणवठ्यावर. तिथं होत्या सातजणी. चौदा डोळे, चौदा हात. कुठल्या हातांकडे बघायचं? झाली परत बोटाएवढी. आली चंचीतून घरी. असंही होतं, बाळांनो.

आणि मग एक दिवस झरा आटला. मनगटाएवढी धार करंगळीएवढी झाली. एक लाकूडतोड्या धापा टाकत आला. म्हणाला, "मी बघितली. झऱ्याच्या तोंडाशी राक्षसीण आहे. एवढी मोठी. मी ओरडलो तशी आत घुसली, आणि पाणीच अडवलं तिनं."

गावाच्या पायाखालची जमीन सरकली. पहिल्या दिवशी सगळे ढोल घेऊन गेले, बडव बडव बडवले. धार सुतळीएवढी झाली. दुसऱ्या दिवशी काठ्या-भाले घेऊन गेले, शिव्या घातल्या. धार दोऱ्याएवढी झाली. तिसऱ्या दिवशी ढोल-भाल्यांसोबत पुरणपोळीचा नैवेद्यही घेऊन गेले. सगळं गाव झऱ्याच्या फटीकडे टक लावून उभं. टप, टप, दोन थेंब पडले. मग तेही थांबले. बायका कपाळाला हात लावून बसल्या. गोठ्यात गुरं हंबरत होती आणि रांजणात ओल नव्हती.

येसू गर्दीत उभी होती. कुणीतरी म्हणालं, "ही बघा गोदीची घुमी." सगळ्यांनी वळून बघितलं. येसू आटली, आटली, चिंचोक्याएवढी झाली आणि घरंगळत थेट त्या फटीत गेली.

आत बघते तर काय. समोर भिंतच. पण भिंत मऊ होती, आणि थरथरत होती. ते होतं राक्षसिणीचं पोट. सगळा झरा त्या पोटानं बुजला होता. येसूला वाटलं, आता ही मला चिरडणार. मग तिनं वर बघितलं, हात काय करतायत ते. सुपाएवढे दोन हात, आणि त्या हातांनी राक्षसिणीनं आपलं तोंड झाकून घेतलेलं.

येसू थक्क झाली. हे तर तीसुद्धा करायची.

"तोंड का झाकलंत?" तिनं विचारलं.

"ते बघतात," राक्षसीण म्हणाली. आवाज अगदी बारीक. "बघितलं की मी फुगते. मी वेलीएवढी बारीक होते गं. त्यानं बघितलं, किंचाळला, आणि मी फुगले. आता बाहेर येता येत नाही. पाणी मी नाही अडवलं. मीच अडकलेय."

ऐकलंत ना. सगळं गाव भाले घेऊन उभं, आणि आत ही रडतेय.

"मी आटते," येसू म्हणाली.

राक्षसिणीनं दोन बोटांमधून बघितलं. "खरं?"

मग दोघी बोलत बसल्या. काय खाता, कुठं निजता. राक्षसीण टीचभर ओसरली. येसू बोटभर वाढली. पाण्याची बारीकशी धार सुटली. तेवढ्यात बाहेर पुन्हा ढोल सुरू झाले. राक्षसीण दचकून फुगली आणि येसू पोट नि खडकाच्या मध्ये सापडली. श्वास कोंडला. कशीबशी निसटून ती फटीतून बाहेर आली.

बाहेर दोनशे डोळे. आणखी आटली तर उरायचं काय? पण गप्प बसली तर ढोल वाजणार, ती फुगणार, आणि गाव तहानेनं मरणार. येसूनं सगळ्यांकडे बघितलंच नाही. तिनं बघितले फक्त धाकूबाबाचे हात. धाकूबाबा म्हणजे गावचा ढोलवाला.

"धाकूबाबा," ती म्हणाली, "हाताला फोड आलाय तुमच्या. दुखत असेल."

धाकूबाबानं हात थांबवून बघितलं. खरंच की. ढोल बंद पडला. सगळीकडे शांतता.

त्या शांततेत येसू म्हणाली, "ती भ्यालीय. तिच्याकडे पाठ करा, ती बारीक होईल."

पाटील म्हणाले, "राक्षसीण भ्याली? आणि ही चिंचोक्याएवढी पोर आम्हाला शिकवणार?" सगळे तिच्याकडे बघायला लागले. येसू मोहरीएवढी झाली. तरी म्हणाली, "पाठ करा."

पहिली वळली गोदा. पोर डोळ्यांदेखत नाहीशी होतेय आणि आईनं पाठ फिरवायची, सोपं नाही ते. मग धाकूबाबा वळला. मग म्हाळसाआजी, लोहारीण, सगळं गाव. पाटील सगळ्यांत शेवटी, तेही बायकोनं चिमटा काढल्यावर. सगळे डोंगराकडे पाठ करून बसले आणि आपापसात बोलू लागले. कुणाची म्हैस व्याली, कुणाच्या डाळीत किडे झाले. राक्षसिणीचं नावसुद्धा कुणी काढलं नाही.

थोड्या वेळानं मागून आवाज आला. खळ. खळखळ. सगळ्यांच्या पाठी भिजल्या. लोकांच्या अंगावर काटा आला, पण मान कुणीही वळवली नाही. मग पावलं वाजली. अगदी हलकी. कुणीतरी मागच्या रांगेत येऊन बसलं. आणि बारीक आवाजात म्हणालं, "पुरणपोळी उरलीय का?"

गाव चकित. तरी न बघता, खांद्यावरून मागं, या हातातून त्या हातात पुरणपोळी गेली. मागून तोच बारीक आवाज आला, "वेलदोडा कमी पडलाय."

सगळं गाव हसलं, आणि मागची ती पण हसली, आणि तिच्या शेजारी पुन्हा पुरती झालेली येसूसुद्धा.

येसूचं आटणं गेलं का? नाही. खोटं कशाला सांगू. भरल्या बाजारात अजून आटायची. पण परत यायचं कसं, ते तिला ठाऊक झालं होतं. झरा वाहत राहिला, गाव पाणी पीत राहिलं, येसू आणि तिची मैत्रीण डोंगरावर टोपल्या विणत सुखात राहिल्या. चला, पाय पोटाशी घ्या आणि मिटा डोळे.