भागीरथीने पसरलेला पदर

फार जुनी गोष्ट नाही. नदीकाठच्या एका बाजाराच्या गावात दोन मैत्रिणी राहत होत्या. भागीरथी मडकी आणि चुली घडवायची. हौसा बाजारात भाजी विकायची.

दोघींचे स्वभाव अगदी उलटे. भागीरथी अबोल आणि मानी. नवरा गेल्यावर तिने एकटीने संसार ओढला, पण शेजारणीकडे कधी चिमूटभर मीठ मागितलं नाही. हौसाच्या जिभेला मात्र हाड नव्हतं. मनात येईल ते तोंडावर बोलून मोकळी. गावात असं घर नव्हतं, ज्याला तिचा एखादा तरी शब्द लागला नव्हता. तरीही दुपारी भाजी संपली की ती भागीरथीच्या अंगणात येऊन बसायची. एक बोलायची, दुसरी माती मळता मळता हसायची.

एके दिवशी हौसा आली आणि तिला खेटून बसली. मग म्हणाली, "भागे, छातीत गाठ लागतेय गं हाताला."

भागीरथी तिला शहरातल्या मोठ्या दवाखान्यात घेऊन गेली. डॉक्टरीणबाईंनी तपासण्या केल्या आणि समजावून सांगितलं, "हा कर्करोग आहे. पण वेळेवर आलात. ऑपरेशन आणि पुढे सहा महिने औषधं घेतली, तर बऱ्या व्हाल. मात्र उशीर करू नका."

खर्च ऐकून हौसा म्हणाली, "चल घरी. एवढा पैसा आपण जन्मात पाहिला नाही."

"तू फक्त बरी हो," भागीरथी म्हणाली. "पैशाचं मी बघते."

तिने घरातली सगळी मडकी विकली. कानातल्या कुड्या विकल्या. तरी निम्म्याच्याही जवळ पोचेना. आता एकच उरलं होतं, मागणं. उंबऱ्यात ती कितीतरी वेळ उभी राहिली. मग डोक्यावरचा पदर सारखा केला आणि निघाली.

पहिलं घर गिरणीवाल्या तात्याबांचं होतं. "हौसासाठी?" ते उसळले. "चारचौघांत मला पीठचोर म्हणाली होती ती! तुझ्यासाठी माग, आत्ता देतो."

भागीरथीने मान खाली घातली. "तुम्हाला लागलं, ते खरंच आहे तात्याबा. पण ती आजारी आहे."

तात्याबांनी थोडे पैसे तिच्या पदरात टाकले आणि तोंड फिरवलं.

पुढे प्रत्येक दारात तेच. कुणाच्या सुनेला हौसा आळशी म्हणाली होती, कुणाच्या लग्नातल्या जेवणाला तिने नावं ठेवली होती. लोक आधी जुनं गाऱ्हाणं सांगत, मग कुणी काही देत, कुणी दार लावून घेत. आयुष्यात कुणाचा शब्द ऐकून न घेतलेली भागीरथी सगळं ऐकून घेत होती.

संध्याकाळी हौसा विचारायची, "लोक काय म्हणाले गं?"

"तुझी तब्येत विचारत होते," भागीरथी सांगायची.

शेवटी ती धान्याच्या व्यापाऱ्याच्या पेढीवर गेली. या व्यापाऱ्याची धान्य मोजायची पायली हौसाने एकदा भर बाजारात उलटी करून दाखवली होती. आतून तिचा तळ जाड होता. "याच्या मापात पाप आहे!" असं ती ओरडली होती. व्यापाऱ्याने मुकाट्याने माप बदललं, आणि हळूहळू गाव ते विसरून गेलं. तो मात्र विसरला नव्हता.

"सगळा खर्च मी एकटा करतो," तो म्हणाला. "उद्या बाजारात उभी राहा आणि एवढंच सांग, की हौसा खोटं बोलली होती. माझं माप तेव्हाही खरंच होतं."

एक वाक्य, आणि मैत्रिणीचा जीव! भागीरथीने डोळे मिटले. हौसाला हे कळलं तर? आणि न कळता ती बरी झाली, तर खोटारडी म्हणून याच बाजारात बसेल?

"शेटजी," ती म्हणाली, "तुमच्यापुढे पदर पसरते. हवं तर पाया पडते. पण मी तिचा जीव वाचवायला निघालेय, तिचं नाव बुडवायला नाही."

"मग जा," व्यापारी म्हणाला.

ती रिकाम्या हाताने पायऱ्या उतरली. बाहेर धान्याचं पोतं उचलायला आलेले तात्याबा उभे होते. त्यांनी सगळं ऐकलं होतं.

"भागीरथी, थांब," ते म्हणाले. त्यांचा आवाज बदलला होता. "त्या दिवसापासून आम्हा सगळ्यांच्या घरी पुरं धान्य येतंय. आणि आम्ही काय लक्षात ठेवलं, तर तिची जीभ!"

तात्याबा स्वतः तिच्याबरोबर निघाले. आधी लागलेली दारं ते एकेक करून उघडायला लावत गेले. कुणी पैसे दिले, कुणी कोंबड्या विकून दिले. नावं ठेवलेल्या लग्नघरानेही हात आखडता घेतला नाही. आठवड्याभरात हौसाचं ऑपरेशन झालं. औषधांच्या महिन्यांत गावातल्या बायका पाळीपाळीने शहरात तिच्याजवळ राहिल्या.

सहा महिन्यांनी हौसा परतली. अंग वाळलं होतं, केस गेले होते, पण गाठ नव्हती. तात्याबांनी तिला सगळी हकीकत सांगितली. ती तशीच भागीरथीच्या अंगणात आली.

"दारोदार माझ्या नावाने शिव्या खाल्ल्यास. मला बोलली का नाहीस?"

भागीरथी मातीचे हात पुसत म्हणाली, "तुझी औषधंच काय कमी कडू होती?"

हौसाने मैत्रिणीचे ते ओले हात उचलून आपल्या डोळ्यांना लावले.

तात्पर्य: स्वतःसाठी कधी न वाकलेली मान मित्रासाठी वाकली, तर ती लहान होत नाही, आणि मित्राचा जीव वाचवताना जो त्याचं नावही जपतो, त्याच्या पाठीशी आज ना उद्या गाव उभं राहतं.