पाठमोरे दगडी आजोबा

एक होतं बेट. इतकं लांब, इतकं एकटं, की पक्षीसुद्धा तिथे पोचेपर्यंत दमायचे. मधोमध आगीचा डोंगर. आणि किनाऱ्यावर दगडाचे आजोबा, झाडाएवढे उंच, पांढऱ्या शिंपल्यांच्या डोळ्यांचे. सगळे समुद्राकडे बघत उभे.

एकदा तिआरे नावाच्या मुलीचा बाबा होडी घेऊन मासे धरायला गेला. इकडे डोंगर गुरगुरला. धुरात पार दिसेनासा झाला. गावातले म्हातारे घाबरले. खूप भांडले आणि मग म्हणाले, "आजोबांनी आपल्याकडे बघायला हवं!" झालं. सगळे आजोबा फिरवले गावाकडे. दोर ओढले कोणी? पोरांनी. म्हातारे नुसते ओरडत होते, बरं का.

मग बाबाची होडी आली. खडकांपर्यंत आली. आणि वळून परत निघाली!

तिआरेला काही कळेना. एक म्हातारा म्हणाला, "लाटांनी ओढून नेली." दुसरा म्हणाला, "तुझ्यावर रुसला असेल." तिसरा म्हणाला, "तो तुझा बाबा नव्हेच." माहीत एकालाही नव्हतं. पण गप्प कोण बसणार?

होडी पुन्हा आली, पुन्हा वळली. पिण्याचं पाणी संपलं असेल त्याचं! तिआरेने पाण्यात उडी मारली, हाका मारल्या. लाटांत आवाज कुठला पोचायला! दमून ती एका खडकावर चढली. मागे पाहिलं, आणि दचकलीच. हे कुठलं बेट? नुसत्या पाठी! ओळखीचा चेहरा एक नाही.

मग मात्र तिला कळलं. पोहत परत आली.

"एक आजोबा तरी फिरवू द्या!"

"आपल्याकडे पाठ करतील ते! डोंगर फुटेल!"

"मग तुम्ही धरून बसा डोंगर. माझा बाबा बाहेर आहे."

पोरांनी दोर बांधले. जरा डावीकडे ओढ, जरा उजवीकडे ओढ. एक आजोबा डुलत डुलत समुद्राकडे वळले. शिंपल्यांचे डोळे चमकले.

तिसऱ्यांदा होडी आली. आणि थेट किनाऱ्याला लागली.

बाबा उतरला नि म्हणाला, "मला वाटलं, कुणा परक्यांचं बेट! सगळे पाठ करून उभे."

डोंगर फुटला? नाही. का नाही, ते कुणालाच कळलं नाही. म्हातारे अजून त्यावरच भांडतायत. भांडू देत. तिआरे बाबाजवळ बसून भाजलेले मासे खाते, आणि एक आजोबा समुद्राकडे बघत असतात.

आता तुम्ही रे, भिंतीकडे काय तोंड करून पडलाय? वळा इकडे, दाराकडे. तुमची आई अजून कामावरून यायचीय. हं. आता मिटा डोळे.