बाळ ठणठणीत आहे

एकदा एका तालुक्याच्या गावी एका वृद्ध डॉक्टरांच्या हाताखाली एक तरुण डॉक्टर शिकत होता. हुशार होता, निदान झटपट करी.

एके सकाळी कालिंदी नावाची बाळंतीण तान्ह्या मुलीला घेऊन सासूबरोबर आली. "ही दूध नीट पीत नाही. काहीतरी झालंय हिला," ती म्हणाली. हीच तक्रार तिने मागेही केली होती. शिष्याने बाळाला नीट तपासले. ताप नव्हता, वजन वाढत होते.

"बाळ ठणठणीत आहे. उगाच काळजी करू नका."

कालिंदी उतरल्या चेहऱ्यानेच उठली. तोच वृद्ध डॉक्टर म्हणाले, "आजी, बाळाला घेऊन जरा बाहेर बसा. पोरी, तू थांब."

बाहेर रुग्ण खोळंबलेले असताना हिला का थांबवले, हे शिष्याला कळेना.

"बाळ झोपतं तेव्हा तुला झोप लागते?" वृद्ध डॉक्टरांनी विचारले.

"नाही."

"जेवण जातं?"

तिने नकारार्थी मान हलवली. डॉक्टरांनी हलकेच विचारले, "जीव नकोसा होतो का गं?"

शिष्य दचकला. कालिंदीचा बांध फुटला. "काका, मी वाईट आई आहे. मी नसले तर तिचं बरं होईल, असं सारखं वाटतं."

"वाईट नाहीस, आजारी आहेस. बाळंतपणानंतर पुष्कळजणींना हा आजार होतो, आणि तो बरा होतो."

मग तिला विचारूनच त्यांनी सासूला आत बोलावले. "हिला एकटी सोडू नका. बाळाला तुम्ही सांभाळा, हिला झोपू द्या." मनोविकारतज्ज्ञांना त्यांनी स्वतः फोन करून त्याच दिवसाची वेळ घेतली.

"मला वाटलं, कामाचा कंटाळा करते," सासू पुटपुटली आणि सुनेजवळ बसून तिच्या पाठीवरून हात फिरवू लागली.

त्या गेल्यावर शिष्य म्हणाला, "पण असं थेट विचारल्यानं नको तो विचार मनात भरणार नाही का?"

"विचार आधीच आलेला असतो. विचारल्यानं तो बोलून दाखवायला वाट मिळते. बाळ ठणठणीत आहे म्हटल्यावर आईचा चेहरा खुलतो. हिचा खुलला नाही. घरात सगळे आनंदात असताना आपण रडतो, हे सांगायची तिला लाज वाटत होती. म्हणून ती बाळाचं दुखणं घेऊन आली."

उपचारांनी कालिंदी हळूहळू सावरली. पुढे मुलीला लस टोचून घ्यायला आली, तेव्हा मुलीने भोकाड पसरले आणि कालिंदी तिला छातीशी धरून हसली. शिष्याने लगेच पुढच्या बाळाला हाक मारली नाही. खुर्ची पुढे ओढून त्याने विचारले, "आणि तुम्ही कशा आहात?"

ओळखीच्या घरी बाळ बघायला जाल, तेव्हा घटकाभर त्याच्या आईजवळही बसा.