बुवांची भुवई

"मग अडतंय कुठे, बुवा?"

अच्युतने पखवाज मांडीवर ओढला. फाटकाशी बैलगाडी उभी होती. डोंगरापलीकडच्या मठाने कायमचा पखवाजी मागितला होता. गुरू नागोबुवांनी हो म्हटलं की त्याने निघायचं. सकाळपासून बुवा हो म्हणत नव्हते.

"वाजव," ते म्हणाले.

अच्युत वाजवू लागला. हात स्वच्छ, बोल मोकळे. नजर बुवांच्या चेहऱ्यावर.

मध्येच त्याचा हात थांबला.

"का रे?"

"चुकलो."

"काय चुकलं?"

"ते... नाही कळलं. तुमची भुवई उडाली."

"माशी बसली होती."

फाटकाशी गाडीवान हसला. अच्युतचे कान लाल झाले.

बुवांनी खांद्यावरचं उपरणं घेतलं आणि डोक्यावरून हनुवटीपर्यंत ओढलं.

"आता वाजव."

त्याने वाजवलं. शेवटचा धा पडल्यावर विचारलं, "बरोबर आलं ना?"

उपरणं हललं नाही.

"बुवा, निदान हूं तरी म्हणा."

त्याने पुन्हा सुरुवात केली. आता कुठे बघावं हेच त्याला सुचेना. हळूहळू मान पखवाजावर वाकली, डोळे मिटले. बोटं चालत राहिली. शेवट जवळ आला आणि ती एकदम थबकली.

"मी पळतो," तो हलक्या आवाजात म्हणाला. "शेवट दिसायला लागला की लय सोडून पळतो."

"हूं."

"आजच नाही. बहुतेक... नेहमीच."

"हूं."

"तुम्हाला ठाऊक होतं? मग कधी सांगितलं नाहीत ते?"

"सांगत होतो की," उपरण्याआडून आवाज आला. "भुवईने."

अच्युतने पखवाजावर तळवा ठेवला. बैलाच्या गळ्यातली घंटा मधूनच वाजत होती.

"गाडी परत पाठवतो, बुवा. तिकडे मी पळालो तर मला कोण सांगणार?"

नागोबुवांनी उपरणं काढलं. केस विस्कटले होते, कपाळ घामाने भिजलं होतं. त्यांनी मांडीवर उपरण्याची सावकाश घडी घातली आणि ती पखवाजावर ठेवली.

"गाडीत बस," ते म्हणाले. "हे बरोबर असू दे."