मंडळीचं उत्तर

"घरीच बाप्तिस्मा दिला तर देवाला चालत नाही का, पाळकसाहेब?"

बोर्डे पाळकांनी दारात चपला काढल्या.

ते आत आले तसं रिबकानं दार लावलं. वर कडीही घातली. भिंतीपलीकडे लेआबाई राहायची, आणि लेआबाईला कळलं की अख्ख्या मिशन कंपाउंडाला कळलं.

सोमवारी रिबकाला ऑपरेशनसाठी पुण्याला जायचं होतं. हृदयाची झडप. घाबरायचं कारण नाही असं डॉक्टर म्हणाले, आणि तेव्हापासूनच ती घाबरली होती. नवरा ट्रकवर, तो परस्पर दवाखान्यात येणार. कडेवरचा योएल अजून धड बसतही नव्हता. आपलं काही बरंवाईट व्हायच्या आत लेकराच्या डोक्यावर पाणी पडावं, एवढंच तिचं मागणं होतं.

"उद्या रविवार आहे," पाळक म्हणाले. "देवळात आण की."

"देवळात नको."

"का गं?"

"मी त्या देवळातल्या मंडळीची नाही. लग्न होऊन इथं आले, पण मंडळीत नाव काही लावलं नाही. लावणारही नाही."

"असं काय झालं?"

"नाताळात सगळ्या बायांबरोबर करंज्या करायला गेले होते. लेआबाई म्हणाली, हिला आईनं लाटणं धरायलाही शिकवलं नाही. माझी आई मी लहान असतानाच गेली. ठाऊक होतं तिला. कोणी तिला गप्प केलं नाही. हसल्या."

तिनं योएलला दुसऱ्या कडेवर घेतलं.

"मी रोज बायबल वाचते. रविवारी फोनवर संदेश ऐकते, चांगल्या मोठ्या उपदेशकाचा. माझं आणि देवाचं नीट चाललंय. मधे ही माणसं कशाला?"

"बरं," पाळक म्हणाले. "पाणी आण."

वाद घालतील म्हणून तिनं कितीतरी उत्तरं तयार ठेवली होती. ती तशीच राहिली. घासूनपुसून ठेवलेल्या वाटीत तिनं पाणी ओतलं. थोडं फरशीवर सांडलं.

पाळकांनी प्रार्थना केली. मग तिला विचारलं,

"या लेकराला तू प्रभूच्या वाटेनं वाढवशील?"

"वाढवीन." तिला सोमवार आठवला.

पाळकांनी मान हलवली. आणि तिच्याकडे पाठ केली. देवळात बाकांकडे तोंड करतात तसं बंद दाराकडे तोंड करून उभे राहिले.

"आणि मंडळीहो, या लेकराला तुम्ही आपलं म्हणाल का? याची आई कुठं कमी पडली, तर याचा हात धराल का?"

पलीकडे लेआबाईच्या कुकरची शिट्टी झाली.

रिबका लहानपणापासून पाहत आली होती. पाळक विचारतात, मंडळी उभी राहून हो म्हणते, मगच पाणी. पण घरी बोलावताना हे तिच्या ध्यानातच आलं नव्हतं.

"पुढं म्हणा ना, पाळकसाहेब."

"उत्तर यायचंय."

"इथं आहे कोण उत्तर द्यायला? मी देते. धरीन मी हात."

"तुझं उत्तर झालं. तू कमी पडलीस तर, असा हा प्रश्न आहे."

"याचे पप्पा आहेत."

"त्यांचं उत्तर तुझ्याच उत्तरात आलं."

"मग तो फोनवरचा..."

बोलता बोलता ती थांबली. त्या उपदेशकाला योएलचं नावही ठाऊक नव्हतं.

पाळक दाराकडे तोंड करून तसेच उभे. म्हातारे पाय, पण बसले नाहीत. योएल कुरकुरायला लागला. तिनं त्याला छातीशी धरलं, तर तिचीच छाती धडधडत होती. पुढच्या शुक्रवारपर्यंत परत येऊ, ती मनाशी म्हणाली. आणि नाही आलो तर... रात्री हा उठला, तर त्याचं रडणं या भिंतीपलीकडे कोणाला ऐकू जाईल?

कोणाला, ते तिला ठाऊक होतं.

तिनं दाराची कडी काढली. शेजारच्या दाराकडे तोंड करून हाक मारली.

"मावशी... जरा येता का?"

लेआबाई पिठाच्या हातानं बाहेर आली. पाळकांना पाहिलं, पाण्याची वाटी पाहिली.

"नाताळ गेला, ईस्टर गेला, आता मावशी झाले होय मी?"

रिबकानं मान खाली घातली. पाळकांनी प्रश्न पुन्हा विचारला, तोच, त्याच आवाजात.

लेआबाई उंबऱ्यावरच थबकली. म्हणाली,

"मी हो म्हणेन. पण ही माझ्याजवळ देईल का त्याला?"

आता पाळकही रिबकाकडे बघत होते.

तिचे हात सुटेनात. देवाला द्यायला निघालेलं लेकरू, पण लेआबाईला द्यायचं म्हणजे... तिनं डोळे मिटले आणि हात पुढं केले.

लेआबाईनं पदराला हात पुसले अन् त्याला घेतलं. योएलनं भोकाड पसरलं.

"रडतंय मेलं. ओळखणार कसं? दार कायम लावलेलं." लेआबाई त्याला थोपटत होती. "उद्या देवळात मी सगळ्या बायांना पुढच्या बाकावर बसवते. मोठ्यानं हो म्हणायला लावते. सोमवारपासून हा माझ्याकडे राहील."

रिबकाला रडू आवरेना. तरी मनातलं तोंडावर आलंच.

"पाळकसाहेब, खोटं कशाला बोलू... मला ह्या आवडत नाहीत."

"मला तरी तू कुठं आवडतेस?" लेआबाई थोपटता थोपटताच म्हणाली.

पाळकांनी वाटीतलं पाणी दाराजवळच्या मोगऱ्याला घातलं. चपला पायांत सरकवल्या.

"तुम्ही एकमेकींना आवडत असतात," ते म्हणाले, "तर देवासमोर वचन कशाला मागितलं असतं?"