आमोसाचं पाणी

रेवदंड्याजवळच्या एका गावात बेने इस्रायलींचे, म्हणजे कोकणातल्या ज्यूंचे, मुकादम (समाजाचे पुढारी) इलोजीशेठ यांनी ओढ्याला बांध घातला आणि सगळं पाणी आपल्या नारळीच्या वाडीत वळवलं. खालच्या अंगाला मिल्काबाई तेलिणीचा भाजीचा मळा करपला, पण मुकादमांना बोलणार कोण?

शनिवारी प्रार्थना आटोपल्यावर सिनेगॉगच्या अंगणात शेठ ऐटीत म्हणाले, "न्याय पाण्यासारखा वाहावा, असं आमोस संदेष्टा सांगून गेला. याचा अर्थ आहे का कुणाला ठाऊक?"

मिल्काबाई पुढे झाल्या.

"शेठ, न्यायातलं मला कळत नाही. पण पाणी वरच्याकडून खालच्याकडे येतं, म्हणून संदेष्ट्याने त्याचं नाव घेतलं असेल. वरच अडवून ठेवलं, तर त्याला आम्ही डबकं म्हणतो."

रविवारी सकाळी शेठनी स्वतःच्या हाताने बांध फोडला.