ठमीला हवं अंबाडीचं पांघरूण

एक होती उंदरीण. तिचं नाव ठमी. चुलीमागे तिचं बीळ. बिळात तीन पिल्लं. बोटाच्या पेराएवढी.

पिल्लांवर नायलॉनचं फडकं होतं. चकचकीत. ठमीला त्याचा मोठा तोरा.

चुलीतून ठिणगी उडाली. फस्स! फडकं वितळलं. काळा गोळा झाला.

पिल्लं वाचली. पण उघडी पडली. दिवस थंडीचे. चीं चीं चीं!

ठमी म्हणाली, "पुन्हा नायलॉन नको. अंबाडीचं कापड आणते. ऊन आहे तोवर आणते. अंधारातला गारठा पिल्लांना सोसायचा नाही."

तुरुतुरु तुरुतुरु. ठमी विणकराकडे गेली.

"धोंडूबापू, धोंडूबापू, अंबाडीचं कापड दे. पिल्लं कुडकुडतात, ऊन उतरतंय!"

बापू म्हणाला, "माग रिकामा आहे. सूत नाही. कोंडाकाकू कातेल, तर मी विणेन."

तुरुतुरु तुरुतुरु. ऊन अंगणातून सरकलं.

"कोंडाकाकू, कोंडाकाकू, सूत कात. बापू विणेना. पिल्लं कुडकुडतात, ऊन उतरतंय!"

काकू म्हणाली, "टकळी आहे, वाख कुठाय? वाख म्हणजे अंबाडीची साल गं. लखूदादा सोलेल, तर मी कातेन."

तुरुतुरु तुरुतुरु. ऊन कुंपणावर चढलं.

"लखूदादा, लखूदादा, अंबाडी सोल. काकू कातेना, बापू विणेना. पिल्लं कुडकुडतात, ऊन उतरतंय!"

दादा म्हणाला, "पेंढ्या तळ्यात भिजत घातल्यात. वर म्हैस बसलीय. म्हैस उठेल, तर मी सोलेन. घाई असेल तर हे प्लास्टिकचं पोतं ने. फुकट!"

"नको. ठिणगी पडली की वितळतं."

"अबब! केवढीशी ही, आणि ताठा केवढा!"

ठमी थांबली नाही. तुरुतुरु तुरुतुरु.

"म्हैसबाई, म्हैसबाई, ऊठ. दादा सोलेना, काकू कातेना, बापू विणेना. पिल्लं कुडकुडतात, ऊन उतरतंय!"

म्हैस म्हणाली, "हंऽऽ. कानात गोचीड आहे. पाण्याबाहेर आले की चावते. बगळा टिपेल, तर मी उठेन."

तुरुतुरु तुरुतुरु. ऊन बाभळीवर गेलं.

"बगळोबा, बगळोबा, गोचीड टिप. म्हैस उठेना, दादा सोलेना, काकू कातेना, बापू विणेना. पिल्लं कुडकुडतात, ऊन उतरतंय!"

बगळा म्हणाला, "हा बेडूक सकाळपासून ओरडतोय. माझं डोकं उठलंय. बेडूक गप्प बसेल, तर मी टिपेन."

तुरुतुरु तुरुतुरु. ऊन बाभळीच्या शेंड्यावर टेकलं.

"बेडूकराव, बेडूकराव, गप्प बस. बगळा टिपेना, म्हैस उठेना, दादा सोलेना, काकू कातेना, बापू विणेना. पिल्लं कुडकुडतात, ऊन उतरतंय!"

"डराव! गप्प कसा बसू? पायात दोरा अडकलाय. नायलॉनचा. कुजत नाही, तुटत नाही. डराव!"

ठमीने दोरा दातात धरला. कुर्र कुर्र. तुटेना. कुर्र कुर्र. दात दुखला. ठमी थांबली नाही. कुर्र कुर्र कुर्र... टक्!

दोरा तुटला.

बेडूक गप्प बसला. बगळ्याने गोचीड टिपली. म्हैस उठली. धबाक! पेंढ्या मोकळ्या झाल्या. दादाने साल सोलली, सर्र सर्र. खडक अजून तापलेला होता. त्यावर वाख वाळला. काकूने सूत कातलं, गर्र गर्र. बापूने कापड विणलं, खटक खटक.

बापू म्हणाला, "नवं आहे गं. जरा खरखरीत आहे."

"असू दे. चावून मऊ करते."

ऊन गेलं. ठमी पळाली. तुरुतुरु तुरुतुरु तुरुतुरु!

बिळात आली. आवाज नाही.

ठमीने कापड पसरलं. पिल्लं त्यात गुंडाळली. त्यांना पोटाशी धरलं.

एक म्हणालं, चीं.

दुसरं म्हणालं, चीं.

तिसरं गप्प.

ठमीने त्याला चाटलं. पाठ चोळली. कापड आणखी घट्ट ओढलं. वाट पाहिली.

"चीं!"

मग ठमी डोळे मिटून झोपली.

गोष्ट विणून झाली. घडी घाला आणि निजा.